चांगली भाजी हवी, तर आधी जागा मागा : पुण्यात अन्नाचं काम नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

आपल्या भागात सगळ्यांना ताजं, चांगलं आणि परवडणारं खायला मिळावं म्हणून काय करता येईल, असं विचारणारे पुण्यात बरेच भेटतात. बहुतेकांच्या मनात उत्तर आधीच ठरलेलं असतं : गच्चीवर कुंड्या लावायच्या, सेंद्रिय मालाचं दुकान शोधायचं, नाहीतर ओळखीच्या शेतकऱ्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये शिरायचं. यातलं काहीच वाईट नाही. पण त्याने आपल्या घरची भाजी सुधारते, गल्लीतली नाही. आपल्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या वस्तीत, पेठेतल्या खोलीत राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलांच्या मेसमध्ये, महापालिकेच्या शाळेच्या ताटात त्याने काही बदलत नाही.

पुण्याभोवती पिकत नाही असं फारसं काही नाही. जुन्नर-नारायणगावचा टोमॅटो, मंचर-खेडकडचा कांदा-बटाटा, पुरंदरचा वाटाणा, अंजीर आणि सीताफळ, मावळ-मुळशीचा इंद्रायणी आणि आंबेमोहोर, शिरूर-बारामती-इंदापूरच्या कोरडवाहू पट्ट्यातली ज्वारी-बाजरी. माल आहे आणि खाणारेही आहेत. दोघांनी भेटायचं कुठे, हा प्रश्न आहे. तो जागेचा प्रश्न आहे, आणि शहरातल्या जागेचा निर्णय सार्वजनिक असतो.

हे आजचं नाही. पुण्याचा भाजीबाजार पूर्वी शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात भरायचा. १८८६ मध्ये नवी मंडई सुरू झाली आणि बाजार तिकडे गेला. त्या इमारतीवर एवढा पैसा घालण्यापेक्षा तो शिक्षणावर खर्च करा, असं नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनी ठणकावून सांगितलं होतं. आज ती मंडई त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पुढे घाऊक बाजार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला. बाजार कुठे भरणार आणि त्यावर कुणाचा पैसा लागणार, हे प्रत्येक वेळी कुणीतरी ठरवलंच. त्या ठरवण्यात आपण असावं, एवढ्यासाठी हा लेख.

आधी आपला भाग पायी फिरा

अर्ज, बैठका, मागण्या सगळं नंतर. आधी एक वही घ्या आणि आपल्या घरापासून पंधरा-वीस मिनिटांत चालत जाता येईल एवढा भाग फिरा. एकदा सकाळी सातच्या सुमारास, एकदा संध्याकाळी सातला आणि एकदा रविवारी. वेळेप्रमाणे चित्र पार बदलतं.

वहीत काय लिहायचं? भाजीवाले कुठे बसतात, हातगाडी कुठे उभी राहते, मंडई किंवा ओटे आहेत का, असतील तर भरलेले आहेत की रिकामे. रेशन दुकान, अंगणवाडी, महापालिकेची शाळा, मेस आणि खानावळी. ओला कचरा कुठे साचतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मोकळ्या जागा : शाळेचं मैदान सुटीच्या दिवशी, मंगल कार्यालयाचं आवार, उड्डाणपुलाखालची पट्टी, सोसायटीची पाहुण्यांसाठी ठेवलेली पार्किंगची जागा. आठवड्यातून चार तास मोकळी असणारी जागाही जागाच असते.

मग बोला. भाजीवाल्या ताईंना विचारा की माल कुठून उचलता, मार्केट यार्डातून की मांजरीच्या उपबाजारातून; पहाटे किती वाजता निघता; रिक्षा-टेम्पोला किती जातात; उरलेल्या मालाचं काय करता. घरकामाच्या मावशींना विचारा की आठवड्यात पालेभाजी किती वेळा होते, आणि होत नसेल तर अडतं कुठे : पैशांपाशी, वेळेपाशी, की घरी परतेपर्यंत ताजं काही उरलेलंच नसतं म्हणून? तिसरं उत्तर अनेकदा येतं. पगारापेक्षा बाजाराची वेळ आडवी येते, हे कागदावर बसून कुणाला सुचणार नाही. सकाळी भरणारा बाजार त्यांच्या काय कामाचा?

कागदावर हाताने नकाशा काढा. पुढे अधिकाऱ्यासमोर तोच ठेवायचा आहे.

गट बांधताना कोण हवं

दहा-बारा माणसं पुरतात. पण सगळी एकाच सोसायटीतली नकोत. एक-दोन भाजीविक्रेत्या, एखादा मेस चालवणारा, वस्तीतल्या बचत गटाच्या ताई, शाळेतले पालक, सोसायटीच्या कमिटीतलं कुणी, आणि कागदपत्रांची चिकाटी असलेले एक निवृत्त काका. पुण्यात हे काका प्रत्येक भागात सापडतात आणि त्यांच्याइतका उपयोग दुसऱ्या कुणाचा होत नाही, हे मनापासून सांगतो. बैठक संध्याकाळी साडेआठनंतर ठेवा, नाहीतर विक्रेत्या आणि घरकाम करणाऱ्या बायका येऊ शकत नाहीत आणि गट आपोआप सुखवस्तूंचा होतो.

कष्टकऱ्यांच्या संघटनेने अन्नाचं काम करण्याची परंपरा या शहरात आहे. बाबा आढावांनी उभ्या केलेल्या हमाल पंचायतीने हमालांना स्वस्त आणि पोटभर जेवण मिळावं म्हणून ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. नव्या गटाने तिथे एकदा जाऊन जेवावं आणि काम कसं चालतं ते बघून यावं.

पहिली मागणी एकच ठेवा : शेतकरी आठवडे बाजार

दहा मागण्यांचं निवेदन नेलं की साहेब ते हसून ठेवून घेतात. नव्या गटाने एकच, दिसेल अशी गोष्ट मागावी. पुण्यात त्यासाठी आठवडे बाजार सगळ्यात सोयीचा, कारण वाट तयार आहे. २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं आणि भाजीपाला नियमनमुक्त केला, म्हणजे शेतकऱ्याला बाजार समितीच्या आवाराबाहेर आपला माल थेट विकता येतो. संत शिरोमणी सावता माळी शेतकरी आठवडे बाजार ही योजनाही आहे. ती कृषी पणन मंडळाकडे आहे आणि मंडळाचं मुख्यालय गुलटेकडीला मार्केट यार्डातच आहे. तिथे प्रत्यक्ष जा. पुण्यात येणारे शेतकरी गट आणि शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्या कोणत्या, याची माहिती तिथे मागा. कृषी विभागाच्या ‘आत्मा’ यंत्रणेकडे आणि नारायणगाव-बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रांकडेही गटांची ओळख होते.

शेतकऱ्यांशी बोलण्याआधी हिशोब समजून घ्या. समजा, टोमॅटोला यार्डात किलोमागे १५ रुपये मिळाले. पट्टीतून, म्हणजे आडत्याकडून मिळणाऱ्या हिशोबाच्या कागदातून, हमाली, तोलाई आणि गावाहून आलेल्या गाडीचं भाडं वजा झालं की हातात बरंच कमी राहतं. तोच टोमॅटो आपल्या दारात ४० ला असतो. आठवडे बाजारात २५ ते ३० ला विकला तर दोघांचंही भलं, असं वाटतं. पण इथे शेतकऱ्याचा अख्खा दिवस जातो, टेम्पोचं भाडं त्याच्या गटालाच भरावं लागतं, आणि संध्याकाळी दोन क्रेट उरले तर परत नेण्यात अर्थ नसतो. यार्डात माल एका फटक्यात खपतो, इथे गिऱ्हाईकाची वाट बघावी लागते. म्हणून शेतकऱ्याला ‘या’ म्हणण्याआधी गिऱ्हाईक मोजा. घरोघर जा, नावं आणि सह्या घ्या, आठवड्याला साधारण किती रुपयांची भाजी घेता ते लिहून घ्या. मेसवाल्यांना आधीच जोडा. संध्याकाळी उरलेला माल ते ठोक भावाने उचलणार असतील, तर शेतकरी पुढच्या आठवड्यात नक्की येतो.

भावासाठी यार्डाचे रोजचे दर बघा. बाजार समिती आणि पणन मंडळ ते जाहीर करतात. घाऊक आणि किरकोळ यांच्यामध्ये कुठेतरी भाव ठरवून फलकावर लिहिला की घासाघीस बरीच कमी होते.

‘विषमुक्त’ या पाटीबद्दल

नवे लोक इथे सगळ्यात जास्त अडतात. पाटी लावायला काही लागत नाही. शेतकरी सेंद्रिय म्हणत असेल तर पीजीएस-इंडियाचं प्रमाणपत्र आहे का विचारा. यात जवळपासचे किमान पाच शेतकरी गट करतात आणि एकमेकांची शेतं तपासतात. रासायनिक शेतीकडून सेंद्रियकडे वळण्याच्या काळात ‘पीजीएस-ग्रीन’ आणि पूर्ण झाल्यावर ‘पीजीएस-ऑरगॅनिक’ असा दर्जा मिळतो. छोट्या शेतकऱ्याला ही पद्धत झेपते.

पण माझं स्पष्ट मत असं की पहिल्या वर्षी सेंद्रियचा हट्ट धरू नका. त्याने भाव चढतो आणि वस्तीतलं गिऱ्हाईक तुटतं. त्याऐवजी प्रत्येक शेतकऱ्याला एक साधा प्रश्न विचारा : शेवटची फवारणी कधी केली आणि तोडणी कधी केली? प्रत्येक औषधाच्या वेष्टनावर फवारणी आणि काढणी यांत किती दिवस जाऊ द्यायचे ते लिहिलेलं असतं. गिऱ्हाईक हे दर आठवड्याला विचारतं, असं कळलं की शेतकरी त्याची नोंद ठेवायला लागतो. बाजारात हळूहळू ज्वारी, नाचणी, हातसडीचा तांदूळ आणा. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी अशा रानभाज्या मावळ-मुळशीकडच्या बायकांकडून येऊ द्या. मात्र त्या ओळखणारी आणि कशा करायच्या ते सांगणारी बाई शेजारी उभी हवी.

अर्ज आणि त्याचा पाठपुरावा

पुणे महापालिकेची १५ क्षेत्रीय कार्यालयं आहेत. आपलं कोणतं ते आधी शोधा. जागा महापालिकेची असेल तर अर्ज तिथल्या महापालिका सहायक आयुक्तांच्या नावे करा. सोसायटीची किंवा शाळेची असेल तर त्यांचं लेखी संमतिपत्र घ्या. अर्ज एका पानाचा आणि साध्या भाषेत असावा. हा मसुदा वापरा :

‘विषय : शेतकरी आठवडे बाजारासाठी आठवड्यातून एक दिवस जागा मिळण्याबाबत. महोदय, आम्ही या प्रभागातील रहिवासी, विक्रेते व पालक आहोत. सोबतच्या नकाशात दाखवलेली जागा दर … वारी दुपारी चार ते रात्री नऊ या वेळेत मोकळी असते. तेथे शेतकरी गटांना थेट विक्रीची परवानगी मिळावी. स्वच्छता, ओल्या कचऱ्याची विल्हेवाट व वाहनतळाची जबाबदारी आमचा गट घेईल. पिण्याचे पाणी, दिवे व स्वच्छतागृहाची सोय महापालिकेने करावी. सोबत रहिवाशांच्या सह्या व परिसरातील पथविक्रेत्यांचे संमतिपत्र जोडले आहे.’

दोन प्रती न्या. एक द्या आणि दुसरीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारखेसह पोहोच घ्या. पोहोच नसलेला अर्ज दिला नाही असंच समजा. प्रत नगरसेवकांना आणि वाहतूक पोलिसांना द्या, कारण हरकत बहुतेक वेळा पार्किंगचीच निघते. पंधरा दिवसांनी भेटायला जा, त्यानंतर पुन्हा जा. दरवेळी दोघांनी जायचं आणि काय बोलणं झालं ते त्याच दिवशी लिहून ठेवायचं. दाद लागली नाही तर महिन्याच्या पहिल्या सोमवारचा, लोकांच्या तक्रारी ऐकून घेणारा लोकशाही दिन आहे. त्याहीपुढे माहितीचा अधिकार आहे : १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत. राज्याच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय, तोही १५० शब्दांत. ‘परवानगी का दिली नाही’ असं विचारू नका. ‘आमच्या अमुक तारखेच्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत द्या’ असं मागा. कागद मागितला की कागद मिळतो. कारण विचारलं की बहुधा ‘माहिती उपलब्ध नाही’ येतं.

शेजारची भाजीवाली आपली विरोधक नाही

आठवडे बाजार आला की रोजच्या विक्रेत्यांचा धंदा त्या दिवशी बसतो. हे आधी बोलला नाहीत तर काम मोडेल आणि मोडायलाच हवं. आठवड्याचे उरलेले सहा दिवस वस्तीला भाजी तीच पुरवते, दोन-दोन रुपयांची कोथिंबीर आणि उधारीही तीच देते. तिच्याशी बसून बाजाराचा वार ठरवा. तिला बाजारात जागा द्या, किंवा शेतकरी गटाकडून घाऊक भावाने माल मिळवून द्या, म्हणजे तिची पहाटेची यार्डाची फेरी वाचते.

आणि तिच्या जागेसाठीही आपल्याच गटाने उभं राहायचं. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणालाही हुसकावता येत नाही. शहरासाठी नगर पथविक्रेता समिती असते. तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात आणि त्यांतल्या एकतृतीयांश स्त्रिया. लोक पूर्वापार जिथे घेत-विकत आले, त्याला हा कायदा नैसर्गिक बाजार म्हणतो, आणि ५० वर्षांहून जुना असा बाजार वारसा बाजार ठरतो. तुमच्या नकाशात असा बाजार असेल तर तो किती जुना आहे याचे पुरावे गोळा करा : जुने फोटो, पावत्या, म्हाताऱ्या गिऱ्हाइकांचे लेखी जबाब. अतिक्रमण विभागाची गाडी यायच्या आधी हे कागद तयार हवेत.

बाजार सुरू झाल्यावर

पहिले दोन-तीन महिने गर्दी कमी-जास्त होणारच. काही गोष्टी मात्र पहिल्या दिवसापासून पक्क्या ठेवा. वजनकाट्यांवर वैधमापन विभागाचा चालू शिक्का हवा. प्लास्टिक पिशवी नको. शेतकरी बायकांसाठी स्वच्छतागृह हवंच. गावाहून निघालेली बाई रात्री नऊपर्यंत पाणी न पिता बसते, हे आपल्याला दिसत नाही. सोय होत नसेल तर जवळच्या दोन घरांनी दार उघडावं. शेतातला कच्चा माल विकणाऱ्या शेतकऱ्याला अन्नसुरक्षा परवाना लागत नाही. लोणची, पापड, पीठ विकणाऱ्या बचत गटाने मात्र नोंदणी करून घ्यावी.

बाजाराचा ओला कचरा तिथेच वेगळा करा. सोसायटीत खतप्रकल्प असेल तर तिथे जिरवा आणि तयार खत त्याच शेतकऱ्यांना द्या, पण चाळून, प्लास्टिकचे तुकडे काढून. कचरावेचक ताईंना या व्यवस्थेत मोबदल्यासह सामील करा.

पैसा अंदाजपत्रकातून

नागरिकांनी सुचवलेली कामं अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत पुण्यात २००६ पासून आहे. अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास मागवले जातात. क्षेत्रीय कार्यालयात आणि महापालिकेच्या संकेतस्थळावर तारीख बघत राहा. बहुतेक लोक बाक आणि फरशा मागतात. तुम्ही बाजाराच्या जागेसाठी नळ, दिवे, सपाट फरसबंदी, स्वच्छतागृह मागा. एकच काम अनेक घरांनी सुचवलं तर त्याचं वजन पडतं. काम मंजूर झालं तरी ते पुढच्या अंदाजपत्रकात छापलं गेलंय का, आणि एप्रिलनंतर निविदा निघाली का, हे त्या काकांनी बघायचं.

शाळेचं ताट आणि रेशन

बाजारात जाण्याइतके पैसे ज्यांच्याकडे नाहीत, त्यांचं अन्न इथून येतं, म्हणून हे काम सोडू नका. शाळेच्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी धरलेली आहे. सहावी ते आठवीसाठी १५०, ३० आणि ७५ ग्रॅम. शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश पालक असतात. त्या समितीत जा, जेवणाच्या वेळी हजर राहा, चव घ्या, नोंदवहीत लिहा. डाळ पातळ होती, भाजी फक्त बटाट्याची होती, असं नेमकं लिहा. अन्न शिजवणारा बचत गट आठवडे बाजारातल्या शेतकऱ्यांकडून भाजी घेऊ शकेल का, हे तिथेच बोलून बघा. रेशन दुकानांवरही दक्षता समितीची तरतूद आहे. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कार्डाला ३५ किलो धान्य मिळतं की नाही, हे समितीत बसूनच कळतं.

शहराच्या कडेची शेती

हे सगळ्यात अवघड काम आहे आणि पहिल्याच वर्षी हाती घेऊ नका, पण डोळा ठेवा. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेच्या हद्दीत आली. त्यांतल्या मळ्यांवरून काल-परवापर्यंत भाजी सकाळी तोडून दुपारी शहरात यायची. ती जमीन प्लॉटिंगमध्ये गेली की टेम्पो आणखी लांबून येणार. पाण्याचंही तसंच. खडकवासल्याच्या पाण्यावर शहर जगतं आणि त्याच कालव्यावर दौंड-इंदापूरची शेती. शहराचं सांडपाणी प्रक्रिया करून मुंढव्याच्या जॅकवेलमधून, म्हणजे पाणी उपसण्याच्या विहिरीतून, पुन्हा कालव्यात सोडलं जातं. ते पाणी किती स्वच्छ आहे, यावर आपल्याच ताटातली भाजी ठरते, म्हणून सांडपाणी प्रकल्पांच्या चाचण्यांचे अहवाल मागणं हे अन्नाचंच काम आहे.

विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की ठरावीक मुदतीत हरकती-सूचना मागवतात. त्यात तुमच्या भागात मंडईचं आरक्षण आहे का, ते जुन्या आराखड्यातून गायब तर झालं नाही ना, हे नकाशे शेजारी ठेवून बघा. हरकत लेखी द्या, सुनावणीची तारीख आली की जा, आणि शेतकऱ्यांना व विक्रेत्यांना सोबत न्या. सुनावणीत प्रत्येकाला बोलायला थोडाच वेळ मिळतो, तेव्हा कुणी काय बोलायचं ते आदल्या दिवशी वाटून घ्या : एकाने जागा, एकाने पाणी, एकाने विक्रेते.